यंत्राला बाईचं रूप देताना

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या तयारीला लागले तेव्हा त्यांना तारामती मिळेना. घरंदाज बायकांचा प्रश्नच नव्हता, पण ज्यांना समाजाने आधीच कोपऱ्यात ढकललं होतं त्या बायकाही कॅमेऱ्यापुढे उभं राहायला राजी नव्हत्या. शेवटी मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंखे नावाचा तरुण त्यांच्या नजरेस पडला. अंगकाठी सडपातळ, हात नाजूक. तेवढ्या भांडवलावर १९१३ मध्ये तो तारामती झाला. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये याच साळुंख्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये उलटं घडलं: फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आणि लोकांनी तिला कृष्ण म्हणूनच पाहिलं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि पहिल्या चित्रपटानंतर आपला कारभार नाशिकला हलवलेल्या या माणसाच्या कामातून एक गोष्ट लख्ख दिसते. पडद्यावरची बाई पदर कसा घेतला, मान किती झुकवली, पाऊल केवढं टाकलं आणि तिला हाक कोणत्या नावाने मारली यांतून घडते. उरलेली बाई प्रेक्षक स्वतःच्या मनातून भरून काढतो.

यंत्रमानवाचं स्त्रीपात्र रेखाटणारा चित्रकार याच जागी उभा असतो, फक्त त्याच्या हाताशी साळुंखेही नसतो. मोटर, गिअर, बॅटरी, वायर यांतलं काहीही बाई नसतं की पुरुष नसतं. एखादा रोबो ‘ती’ आहे हे कारखान्यात ठरत नाही, ते कागदावर ठरतं. पेन्सिलने काढलेल्या पहिल्या दहा-वीस आकृत्यांत आणि त्या पाहून सहकारी, शिक्षक किंवा ग्राहक जे बोलतात त्यात. आज नाशिकमध्ये ॲनिमेशन शिकणारी मुलं आहेत, इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयांत रोबोटिक्समध्ये रमलेली मुलं आहेत. एखाद्या कथेसाठी, खेळासाठी किंवा खऱ्याखुऱ्या यंत्रासाठी असं पात्र रेखाटण्याची वेळ त्यांच्यावर येणारच आहे. म्हणून एक मुद्दा मला आग्रहाने मांडायचा आहे. स्त्रीरूपी रोबोचं चित्र तिच्या कामापासून सुरू व्हायला हवं आणि तिचं बाईपण त्या कामातून यायला हवं. कमरेपासून आणि पापण्यांपासून सुरुवात केली, तर हाती लागणारी आकृती आपली नसते. ती फार जुनी असते.

किती जुनी, ते नाशिकच्याच उदाहरणावरून कळेल. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी नाशिकला ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी. भारतीय पडद्यावर पहिल्यांदा खरी स्त्री आली ती या चित्रपटात, म्हणून त्याचं नाव इतिहासात राहिलं. पण मोहिनीची कथा काय सांगते ते पाहा. विष्णूने एका ठरावीक कामासाठी स्त्रीरूप घेतलं. काम होतं भुलवण्याचं. भस्मासुराने तिच्या नाचाची नक्कल करत स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला की काम संपलं आणि रूपही संपलं. चौदा वर्षांनी जर्मनीत फ्रिट्झ लांगने ‘मेट्रोपोलिस’ बनवला, तेव्हा जगाच्या पडद्यावरच्या पहिल्या प्रसिद्ध स्त्री-रोबोलाही हेच काम मिळालं: मारिया नावाच्या तरुणीचा चेहरा घेऊन कामगारांना भुलवायचं, चिथवायचं. त्या रोबोचा धातूसारखा दिसणारा पोशाख वॉल्टर शुल्झ-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने अभिनेत्री ब्रिगिट हेल्मच्या अंगाचा साचा घेऊन घडवला होता. चित्रपटांत पुढे जे चकचकीत, आखीव छातीचे आणि बारीक कमरेचे रोबो आले, त्यांतल्या कित्येकांची कुळी या साच्याशी जाऊन भिडते. मोहिनी आणि मारिया यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच हे साम्य विचार करायला लावतं. घडवलेल्या स्त्रीने पाहणाऱ्याला मोहात पाडावं ही अपेक्षा दोन्हीकडे कुणी न सांगता हजर आहे. आज नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्याने कोरा कागद पुढे ओढला, तर त्याच्या हातात ती आधीच उतरलेली असते.

आता प्रत्यक्ष कागदाकडे येऊ. पात्र रेखाटणारे लोक सुरुवातीला तपशिलात शिरत नाहीत. अंगठ्याएवढ्या छोट्या आकृत्या काढतात, मग त्यांतल्या काही काळ्या रंगाने भरून नुसती बाह्याकृती पाहतात. काळ्या डागावरून पात्र ओळखता आलं तर रेखाटन पुढे सरकतं. मग समोरून, बाजूने आणि मागून अशी एकाच मापाची चित्रं, मग चेहऱ्यावरच्या भावांचा तक्ता, मग रंग. बाई दाखवायची असली की बाह्याकृतीच्या टप्प्यावर हात आपोआप एकाच युक्तीकडे वळतो: खांदे अरुंद, कंबर बारीक, नितंब रुंद, पायाखाली टाच. दोन वळणदार रेषांत काम होतं, पाहणाराही लगेच ‘बाई’ म्हणतो. पण हीच आकृती इंजिनिअरपुढे ठेवली की अडचणी सुरू होतात. माणसाच्या आकाराच्या यंत्रात बॅटरी, नियंत्रक आणि वायरींचे जुडगे ठेवायला सगळ्यांत सोयीची जागा धडाची असते. वजन शरीराच्या मध्याजवळ राहिलं की तोल सांभाळणं सोपं जातं. चित्रकाराने कंबर चिमटली की तो सगळा ऐवज छातीत किंवा पाठीवर चढतो आणि यंत्र वरून जड होतं. टाचेचंही तसंच. दोन पायांवर उभ्या यंत्राचा गुरुत्वमध्य पावलांच्या टेकणीच्या आत पडावा लागतो. टाच उंच आणि पाऊल निमुळतं केलं की ती टेकणी आक्रसते, आणि घोट्यातल्या मोटरला क्षणोक्षणी तोल सावरत बसावं लागतं. जपानच्या एआयएसटी या संस्थेने २००९ मध्ये ‘एचआरपी-४सी’ हा स्त्री-रोबो तयार केला. उंची १५८ सेंटीमीटर, वजन बॅटरीसह ४३ किलो, आणि मापं तरुण जपानी स्त्रियांच्या शरीरमोजणीतून काढलेल्या सरासरीवर बेतलेली. तेवढ्या सडपातळ देहात यंत्रणा बसवणं हे खरंच मोठं तांत्रिक यश होतं. पण त्या यशाचा उपयोग मनोरंजनासाठी होता, आणि तो रोबो फॅशन शोमध्ये चालला. चालणं हेच काम असेल तर ती मापं रास्त. रुग्णाला उठवून बसवायचं काम असेल तर तीच मापं आड येतात.

‘हे सगळं चित्रकलेतलं आहे, पाहणाऱ्याला त्याचं काय?’ असं कुणी म्हणेल. पाहणाऱ्यावर त्याचा परिणाम होतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे. जर्मनीतल्या बिलेफेल्ड विद्यापीठातल्या फ्रिडेरिके आयसेल आणि फ्रांक हेगेल यांनी ‘फ्लोबी’ नावाच्या रोबोच्या चेहऱ्याची दोन रूपं लोकांपुढे ठेवली. एकाचे केस आखूड, दुसऱ्याचे लांब, आणि ओठांच्या ठेवणीत थोडा फरक. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोकांनी लांब केसांच्या रोबोला अधिक मायाळू आणि आखूड केसांच्या रोबोला अधिक कर्तबगार ठरवलं. दुरुस्ती, राखण अशी कामं आखूड केसांच्या रोबोला शोभतील, आणि घरकाम, सांभाळ अशी कामं लांब केसांच्या रोबोला, असंही त्यांचं मत पडलं. दोन्हींच्या आत काहीच वेगळं नव्हतं. चित्रकाराने काढलेल्या केसांच्या बटांनी त्या यंत्राला कोणती नोकरी मिळेल ते ठरवून टाकलं.

आपल्याकडच्या रोबोंवर नजर फिरवली तर हीच वाटणी उघड दिसते. २०१७ च्या सुरुवातीला मुंबईत कमला मिल्सच्या शाखेत एचडीएफसी बँकेने ग्राहकांचं स्वागत करायला रोबो ठेवला, त्याचं नाव ‘इरा’. त्याच्या आदल्या वर्षी चेन्नईत सिटी युनियन बँकेने आणलेला रोबो ‘लक्ष्मी’. २०१८ मध्ये रांचीत बनलेली, मराठीही बोलणारी ‘रश्मी’. पवईच्या केंद्रीय विद्यालयात संगणक शिकवणाऱ्या दिनेश पटेल यांनी टाकाऊ प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड आणि ॲल्युमिनियममधून घडवलेली, अनेक भाषा बोलणारी ‘शालू’. २०२४ मध्ये केरळातल्या एका शाळेत साडी नेसून आलेली शिक्षिका ‘आयरिस’. २०१७ च्या अखेरीस आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला परदेशातून आलेल्या ‘सोफिया’लाही आपण साडी नेसवली. हातात जे सापडेल त्यातून शालू उभी करणाऱ्या शिक्षकाच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सगळी यादी एकत्र वाचली की नजर एका ठिकाणी अडते: स्वागत करणारी, उत्तरं देणारी, शिकवणारी, हसऱ्या चेहऱ्याची. आणि पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार झालेला, बॉम्ब निकामी करायला मदत करणारा रोबो? त्याला चाकं आहेत, लांब हात आहे, चेहरा नाही, आणि नाव आहे ‘दक्ष’. कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्या यांत्रिक हातांना तर नावच नसतं. जिथे ताकद आणि धोका आहे तिथे यंत्र यंत्रच राहतं. माणसाशी गोड बोलायची वेळ आली की त्याला बाईचं रूप मिळतं.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी आहे: लोकांना हेच आवडतं. बाईचा आवाज, बाईचा चेहरा दिसला की माणूस यंत्राजवळ जायला बिचकत नाही, मग त्याचा फायदा का घेऊ नये? हा युक्तिवाद ‘रोबो’ या शब्दाइतकाच जुना आहे. कारेल चापेकच्या १९२० च्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो शब्द जगभर गेला, आणि त्याच नाटकात कारखान्याचा प्रमुख बायकी रोबो बनवण्याचं कारण सांगतो. मोलकरणी, दुकानातल्या विक्रेत्या, टायपिस्ट यांना मागणी असते, लोकांना त्याची सवय असते. शंभर वर्षांत या उत्तरात भर पडलेली नाही. लोकांना सवय असते हे खरंच आहे. पण ती सवय ज्या चित्रांतून लागली तीही कुणीतरी काढलेली होती, आणि नवं प्रत्येक चित्र तिला एकतर घट्ट करतं किंवा थोडी सैल करतं. २०१९ मध्ये युनेस्कोने आवाजी सहायकांवर अहवाल काढला, त्यात या सवयीची किंमत स्पष्ट दिसते. बाईच्या आवाजातल्या यंत्राला शिवी दिली तरी ते लाजून, मिठ्ठास उत्तर देत होतं. ते उत्तर लिहिणाऱ्याने आज्ञाधारक बाईचं पात्र रंगवलं होतं आणि ते घरोघरी पोचलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. रोबोला बाईही करू नका, पुरुषही करू नका म्हटलं, तर केस नसलेली, पापण्या नसलेली आकृती लोक सरसकट पुरुषच धरतात. मग बायका चित्रातून नाहीशाच होतील. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच स्त्री-रोबो काढूच नयेत असं मी म्हणत नाही. बाईपण दाखवायच्या खुणा फार थोड्या ठरल्या आहेत, अडचण तिथे आहे. त्या खुणा टाळूनही काम होतं याचा पुरावा २००८ च्या ‘वॉल-ई’ चित्रपटातल्या ईव्हने दिला. तिला कंबर नाही, छाती नाही, केस नाहीत, ओठ नाहीत; अंड्याच्या आकाराचा पांढरा गुळगुळीत देह, आणि काळ्या पडद्यावर दोन निळे डोळे. तरी प्रेक्षकाला ती कोण आहे हे क्षणात कळतं, तिच्या नावावरून, आवाजावरून आणि हालचालीच्या डौलावरून. तिच्यावर मोहीम सोपवलेली आहे, तिच्या हातात शस्त्र आहे, आणि नायकापेक्षा ती बलवान आहे. नाव आणि आवाज हे आधार शेवटी जुनेच आहेत, हे खरं. तरीही तिच्याकडे पाहून पहिला प्रश्न ‘ही सुंदर आहे का’ असा पडत नाही, ‘ही काय करायला आली आहे’ असा पडतो.

तिसरा आक्षेप अभिमानाचा आहे: इस्रोची ‘व्योममित्रा’. जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूत ती लोकांसमोर आली. पाय नसलेली, कमरेपासून वरचीच, म्हणून अर्धमानवी. गगनयान या भारताच्या मानवी अवकाशमोहिमेच्या मानवरहित उड्डाणात बसून यानातली स्थिती पाहायची, धोक्याची सूचना द्यायची, नियंत्रण-फलकावरचे स्विच चालवायचे, ही तिची कामं. हिच्याकडे पाहून मुलींना अवकाशात जावंसं वाटेल, मग यात वाईट ते काय? काही वाईट नाही, उलट वर दिलेल्या यादीतल्या सगळ्यांपेक्षा जबाबदारीचं काम तिच्याकडे आहे. तिला पाय नाहीत कारण खुर्चीत बसणाऱ्याला त्यांचं काम नाही. हा निर्णय कामातून निघालेला आहे आणि तो मला फार आवडतो. पण २०२४ च्या फेब्रुवारीत गगनयानासाठी निवडलेल्या चार अंतराळवीरांची नावं जाहीर झाली, ते चारही पुरुष आहेत. लढाऊ विमानांच्या चाचणी वैमानिकांतून निवड झाली, हे त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. तरी मुलगी त्या चित्रातून काय शिकेल याचा अंदाज बांधताना दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात. बाईचं रूप आधी जाईल, बाई कधी जाईल ते अजून ठरायचं आहे. रूप हे प्रतिनिधित्वाच्या जागी चालत नाही.

मग रेखाटन दाखवून लोकांचं मत घ्यायचं ते कसं? इथे मला सगळ्यांत जास्त चूक होताना दिसते. चित्र पुढे करून ‘कशी वाटते?’ असं विचारलं की उत्तरं ठरलेली: चेहरा अजून गोड करा, जरा बायकी करा, काहीतरी खटकतंय. प्रश्नातच ‘वाटणं’ असल्यामुळे पाहणारा परीक्षकाच्या खुर्चीत बसतो आणि सौंदर्यस्पर्धा सुरू होते. त्याऐवजी काळी बाह्याकृती दाखवून, नाव न सांगता, ‘ही काय करत असेल?’ असं विचारून पाहावं. ‘हिचा हात कुठपर्यंत पोचेल?’, ‘हिच्या भरवशावर तुम्ही काय सोपवाल?’, ‘हिला उचलून गाडीत ठेवायचं तर कुठे धराल?’ अशा प्रश्नांना लोक फार नेमकी उत्तरं देतात, आणि ती उत्तरं रेषेत उतरवता येतात. ‘काहीतरी खटकतंय’ या शेऱ्याकडेही दुर्लक्ष करू नये, त्याचं कारण जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच सांगून ठेवलं आहे. यंत्र माणसासारखं होत जातं तसं ते आधी आवडू लागतं, पण अगदी माणसाच्या जवळ गेल्यावर एकदम अंगावर काटा आणतं, आणि ते हलू लागलं की हा काटा आणखी तीव्र होतो. म्हणून कागदावर गोड दिसलेला रबरी चेहरा प्रत्यक्षात बोलू लागल्यावर पोरं आईच्या मागे लपतात. मोरींचा सल्ला असा होता की हुबेहूब माणसाच्या मागे लागू नये, थोडं अलीकडेच थांबावं. खऱ्या कातडीची नक्कल करणाऱ्या कृत्रिम हातापेक्षा बोटांचे सांधे आणि लाकडाचा मूळ रंग दिसणारा लाकडी हात त्यांना अधिक बरा वाटत होता. हात लाकडाचा आहे हे लपवलेलं नाही, त्यामुळे तो फसवत नाही.

ही पद्धत नाशिकच्या मातीत लावून पाहू. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यात घडाची विरळणी, म्हणजे थिनिंग, करणाऱ्या बायकांची आकृती डोळ्यांपुढे आणा. साडीवर लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला आणि तोंडाला बांधलेला रुमाल, मान मागे कललेली, दोन्ही हात मांडवाच्या उंचीला वर. एका हाताने घड धरलेला, दुसऱ्या हातात कात्री. शर्ट उन्हापासून, फवाऱ्याच्या अंशापासून आणि ओरखड्यांपासून अंग राखतो. या बाह्याकृतीत कंबर दिसतच नाही. तरी ती काळ्या रंगाने भरून या पट्ट्यातल्या कुणालाही दाखवली, तर ही बाई आहे हे सांगायला त्याला क्षणही लागणार नाही. बागेत काम करणाऱ्या स्त्री-रोबोचं पात्र काढायचं असेल तर ते इथून सुरू व्हावं: मजबूत खांदे, वर पाहणारी मान, तासन् तास उंचावता येणारे हात, मण्यांवरचा पांढुरका थर न पुसणारी बोटं. कथेतलं पात्र असो की खरं यंत्र, ते या मुलखाचं वाटेल.

आणि मत विचारायचं तर आधी या बायकांनाच विचारायला हवं. त्या कदाचित चेहऱ्याबद्दल काहीच बोलणार नाहीत. कात्रीची मूठ उलटी आहे, एवढ्या ताठ मनगटाने आतला मणी कापताच येणार नाही, असं सांगतील. हे यंत्र आलं तर आमच्या रोजंदारीचं काय, हा प्रश्नही त्या विचारतील. चित्रकाराने तो प्रश्न बाजूला सारून चालणार नाही, कारण ज्या देहावरून त्याने आकृती उचलली त्याच देहाच्या मजुरीवर ती आकृती येऊन बसणार आहे. एखादी म्हणेल, ‘आमच्यासारखी कशाला करता, नुसता हात करा, आम्ही चालवू त्याला.’ मग कागदावरची स्त्री-रोबो खोडून तिथे चाकांच्या स्टँडवर बसवलेला, तिच्या खांद्याच्या उंचीचा एक यांत्रिक हात काढावा लागेल, आणि त्याच्या शेजारी तो चालवणारी बाई.